बारामतीचं तिकीट

कॉलेजसाठी मी इंदापूरहून बारामतीला एसटीनं जायचो. कंडक्टर विचारायचा, ‘कुठं?’ बारामतीतला ‘ब’ ओठांवरच अडायचा. प्रवासी हसायचे. मग मी युक्ती काढली. म्हणायचो, ‘शेवटपर्यंत.’ गाडी पुढं पुण्याला जाणारी असली, की सोडून द्यायचो.

लहानपणी अम्मीनं वेखंड उगाळून जिभेला लावलं. अब्बा म्हणायचे, ‘सावकाश बोल.’ माया खरी होती, पण दुखणं जिभेत नव्हतंच. बोलताना श्वास, कंठ, जीभ आणि ओठ यांची वेळ मेंदू जुळवत असतो. तोतरेपणात त्या जुळणीत खंड पडतो. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. भीतीनं तो वाढतो, पण भीती हे त्याचं मूळ नव्हे. साधारण शंभरातली पाच मुलं कधी ना कधी अशी अडखळतात. बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. मोठेपणी शंभरात एखादाच उरतो. तो एक मी.

गंमत अशी, की अनेकांबरोबर एका सुरात बोलताना तोतरेपणा बहुधा नाहीसा होतो. मोरोपंत आमच्या बारामतीचे. वर्गात त्यांच्या आर्या सगळे मिळून म्हणायचो, तेव्हा मी कधी अडलो नाही. हजेरीला एकट्यानं ‘हजर’ म्हणताना मात्र घाम फुटायचा.

अवघड शब्द चुकवता चुकवता समानार्थी शब्दांचा साठा झाला. कवितेला तो उपयोगी पडला, मला महाग पडला. कारण स्वतःच्या नावाला समानार्थी शब्द नसतो. नाव सांगावं लागेल म्हणून मी कविसंमेलनं टाळली.

पुढं एका वाचा-उपचारतज्ज्ञांनी दोन गोष्टी शिकवल्या. अडलेल्या अक्षरावर जोर न लावता ते हलकेच सुरू करायचं. आणि लपवायचं नाही. इंदापूरच्या एका संमेलनात मी आधीच सांगितलं, ‘मी अडखळतो, सांभाळून घ्या.’ नावावर अडलोच, पण नाव सांगितलं आणि कविताही पूर्ण केली. आत्मविश्वास अडखळणं संपल्यावर येत नाही. अडखळत का होईना, बोलल्यावर येतो.

१९९८पासून २२ ऑक्टोबर हा दिवस जगभर तोतरेपणाविषयीच्या जागृतीसाठी पाळला जातो. समोरचा अडला, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. नुसतं थांबा. मूल लहान असेल, तर वेळीच तज्ज्ञांना दाखवा.

आता मी कुठल्याही गाडीत बसतो आणि ‘बारामती’च म्हणतो. कधी चार ‘ब’ लागतात. तिकीट मात्र बारामतीचंच मिळतं.