मासा न मारता पाऱ्याचा माग

देहूला इंद्रायणीच्या डोहातले महसीर आणि महाडकडच्या वाळणकोंडीतले मासे कुणी मारत नाही. देवाचे मासे ते! पण त्यांच्या अंगात शिसं, पारा किती साठलाय, हे कळणार कसं? नेहमीची रीत अशी, की मासा मारायचा आणि त्याचं मांस, यकृत, कल्ले तपासायचे. देवाच्या डोहात ते चालणार नाही, चालूही नये. तिथे खवले उपयोगी पडतात.

खवला बनतो कोलॅजेन या प्रथिनाचा आणि हाडात असतं तशाच कॅल्शियम-फॉस्फेटचा. मासा वाढतो तशी खवल्यावर वलयं चढत जातात. ती मोजून माशाचं वय काढतात. ही वलयं घडताना पाण्यातलं आणि खाण्यातलं शिसं, जस्त, मँगनीज कॅल्शियमची जागा बळकावतं. पारा मात्र मांसातल्या प्रथिनांना चिकटतो, म्हणून तो तिथे भरपूर आणि खवल्यात अगदी किंचित सापडतो. तरीही अमेरिकेत लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या खवल्यातल्या पाऱ्यावरून मांसातल्या पाऱ्याचा अंदाज बांधता येतो, हे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

काम नाजूक आहे. पाठीवरच्या पराखालचे, पार्श्वरेषेच्या वरचे चार-पाच खवले चिमट्याने अलगद काढायचे आणि मासा पाण्यात सोडायचा. खवल्यावरचा बुळबुळीत थर नीट धुतला नाही, तर त्यात अडकलेला गाळच मोजला जातो आणि सगळा हिशेब चुकतो. मग खवले वाळवून, नायट्रिक आम्लात विरघळवून धातू मोजायचे. गळालेल्या खवल्याच्या जागी नवा उगवतो, पण त्याच्या मध्यभागी जुनी वलयं नसतात. भिंगाखाली असा खवला ओळखून बाजूला काढावा लागतो. मांगूर, शिंगाळा या माशांना तर खवलेच नाहीत, तिथे ही रीत चालत नाही.

खरी अडचण पुढे आहे. खवल्यातल्या आकड्यावरून मांसातला आकडा सांगायचा, तर त्या जातीचं गणित आधी मांडलेलं हवं. बासचं गणित महसीरला लावता येणार नाही. चिलापीचं मात्र आपल्याला सहज मांडता येईल. उजनी धरणातली चिलापी रोज भिगवणच्या बाजारात येते. विकल्या जाणाऱ्या माशाचं मांस आणि खवले दोन्ही तिथेच मिळतील. महसीरचं गणित मांडायलाही मासे मारायची गरज नाही. इंद्रायणीत प्रदूषणाने मासे मरून वर येतात, तेव्हा ते पुरून टाकण्याआधी ताज्या मेलेल्या महसीरचे खवले आणि मांसाचा तुकडा जपून ठेवायला हवा.