जुन्या मोटारीस द्रवचलित हातब्रेक : रचना, जोडणी आणि सुरक्षिततेचा प्रश्न

प्रस्तावना :

ठाण्याच्या वागळे इस्टेटचे नाव महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाशी निगडित आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेचा समारंभ १ ऑगस्ट १९६२ रोजी येथेच झाला. आज येथील अनेक कारखान्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाच्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि लेथ, मिलिंग व वेल्डिंगची कामे करणारे लहान गाळे टिकून आहेत. अशा परिसरात जुन्या मोटारीसाठी लोखंडी तरफ घडवून घेणे ही अर्ध्या दिवसाची बाब होय. अवघड आहे ते ही तरफ ब्रेकच्या कोणत्या नळीवर आणि कशी बसवावी, हे ठरविणे. ड्रिफ्टिंग अथवा रॅलीच्या हौसेने, किंवा महाविद्यालयीन प्रकल्प म्हणून, विद्यार्थी जेव्हा असा बदल हाती घेतात तेव्हा मार्गदर्शक प्राध्यापकाने बहुधा तरफेची मजबुती तपासलेली असते; नळ्यांचा आराखडा मात्र क्वचितच मागितला जातो. प्रस्तुत लेखात त्या आराखड्याचा विचार केला आहे.

रॅलीतील हातब्रेकचे कार्य :

भारतात रॅली हा क्रीडाप्रकार १९८० च्या दशकातील हिमालयन रॅलीमुळे सर्वपरिचित झाला व १९८८ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. नाशिकच्या परिसरात भरलेल्या रॅली ऑफ महाराष्ट्रमुळे या खेळाचा परिचय मराठी प्रेक्षकांनाही आहे. मातीच्या रस्त्यावरील तीव्र वळणावर केवळ सुकाणू फिरवून गाडी वळत नाही, ती सरळ घसरत जाते. टायरची पकड मर्यादित असते. ती थांबण्यासाठी वापरली तर वळण धरून ठेवण्यासाठी उरत नाही. मागची चाके क्षणभर जाम केली की त्यांची आडवी पकड जवळजवळ नाहीशी होते, गाडीचा मागील भाग बाहेर फेकला जातो आणि नाक वळणाच्या आत येते. मागील चाकांनी चालणाऱ्या गाडीत याच क्षणी क्लच दाबावा लागतो, अन्यथा इंजिन बंद पडते.

कारखान्यातून येणारा हातब्रेक केबलवर चालतो. तो उभी गाडी धरून ठेवण्यासाठी केलेला असल्याने त्याची केबल ताणली जाते, दात अडकतात आणि धावत्या गाडीची चाके तत्काळ जाम करण्याइतका जोर तो नेहमी देत नाही. द्रवचलित हातब्रेकमध्ये तरफ एका स्वतंत्र मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलते आणि तो मागील चाकांच्या नळीतील ब्रेक ऑइलवर दाब आणतो.

दाबाचे गणित सोपे आहे. हाताने २०० न्यूटन जोर लावला व तरफेचे गुणोत्तर ६ असले, तर दट्ट्यावर १२०० न्यूटन बल येते. सिलिंडरचा व्यास १५.९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहून एक अष्टमांश कमी, असल्यास दाब सुमारे ६० बार होतो. व्यास १९ मिलिमीटर घेतल्यास तोच सुमारे ४२ बार राहतो. लहान सिलिंडर अधिक दाब देतो, पण प्रत्येक फटक्यास कमी तेल ढकलतो. मागील ड्रमचे लायनर सैल असतील तर तरफेचा सारा प्रवास ती फट भरण्यातच संपतो. मोठा सिलिंडर घेण्याची घाई करण्यापूर्वी लायनर नीट जुळवून पाहणे श्रेयस्कर.

जोडणीचा खरा प्रश्न :

सामान्यतः हा सिलिंडर मुख्य मास्टर सिलिंडर व मागील चाके यांच्यामध्ये, त्याच नळीवर, बसवितात. तरफ सुटी असताना पायाच्या ब्रेकचे तेल त्यातून आरपार जाते. तरफ ओढताच आतील रबरी सील मागची वाट बंद करते आणि पुढे फक्त हाताचा दाब पोहोचतो. येथे एक बारकावा हमखास सुटतो. साध्या मास्टर सिलिंडरच्या प्रवेशमुखावर फक्त टाकीतून उतरणाऱ्या तेलाचा नगण्य भार असतो. आरपार जोडणीत त्याच मुखावर पायाच्या ब्रेकचा संपूर्ण दाब येतो. मुखाशी रबरी बूच असलेला भंगारबाजारातील सिलिंडर तो दाब सहन करणार नाही. तसेच मागील चाकांचा दाब मर्यादित करणारी झडप गाडीत असल्यास हातब्रेकचा सिलिंडर तिच्यानंतर, चाकांच्या बाजूस, असावा. अन्यथा झडप हाताचा दाबही अडवील.

याहून गंभीर प्रश्न कर्णरेषेतील जोडणीचा आहे. मागील चाकांनी चालणाऱ्या दुहेरी जोडणीच्या गाड्यांत साधारणतः पुढची दोन चाके एका नळीवर व मागची दोन दुसऱ्या नळीवर असतात. पुढील चाकांनी चालणाऱ्या बहुतेक लहान मोटारींत मात्र पुढचे डावे व मागचे उजवे चाक एका जोडणीवर, तर पुढचे उजवे व मागचे डावे दुसऱ्या जोडणीवर असते. एक नळी फुटली तरी पुढचे एक चाक थांबविण्यास शिल्लक राहावे, हा त्यामागील हेतू होय; कारण ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो व थांबविण्याचे बहुतांश काम पुढची चाके करतात.

अशा गाडीत मागच्या दोन्ही नळ्या एकाच हातब्रेक सिलिंडरात आणून जोडल्या, तर दोन स्वतंत्र जोडण्या नकळत एक होतात. मागच्या एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जाऊ शकतो. गाडी चालविताना हा दोष कधीच जाणवत नाही. उलट हातब्रेक उत्तम चालतो आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते, नळी फुटेपर्यंत.

यावर दोन मार्ग आहेत. एकाच तरफेने चालणारे दोन सिलिंडर शेजारी-शेजारी बसवून दोन्ही जोडण्या वेगळ्या राखणे हा पहिला. संपूर्ण नळ्या बदलून पुढची व मागची अशी विभागणी करणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गात मुख्य सिलिंडरच्या एका कप्प्याला पुढच्या दोन्ही चाकांना पुरेल एवढे तेल द्यावे लागते व त्यासाठी तो बनविलेला नसतो. शिवाय पुढची नळी फुटल्यास केवळ मागच्या चाकांवर थांबण्याची वेळ येते. म्हणून पुढील चाकांनी चालणाऱ्या जुन्या गाडीसाठी पहिला मार्गच योग्य ठरतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांतही हाच गाभा आहे : नळीत कोठेही गळती झाली तरी पायाच्या ब्रेकने किमान दोन चाके थांबली पाहिजेत.

नळ्यांविषयी थोडेसे. तांब्याची साधी नळी किंवा पाण्याच्या कामाचे जोड येथे चालत नाहीत. ब्रेकसाठीच असलेली ४.७५ मिलिमीटरची नळी आणि मूळ गाडीत असेल त्याच घाटाचे फ्लेअर करावे लागते. जपानी व युरोपीय गाड्यांचे फ्लेअर बहुधा भिन्न असतात व एकाचे दुसऱ्यावर नीट बसत नाही. ठाण्याच्या दमट हवेत ब्रेक ऑइलकडेही लक्ष हवे. डॉट ४ प्रतीच्या कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते.

उभी गाडी आणि कायदा :

द्रवचलित तरफेला खिट्टी लावून गाडी उभी करण्याची पद्धत आढळते. ती सर्वथा चुकीची आहे. तापलेले तेल थंड होताना आकुंचन पावते, सीलमधून सूक्ष्म गळती होते आणि दाब हळूहळू उतरतो. चढावर ठेवलेली गाडी तासाभराने घरंगळू शकते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ पायाचा ब्रेक व पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र यंत्रणांची अपेक्षा करतो. पायाच्याच नळीवर बसविलेली तरफ स्वतंत्र म्हणता येत नाही. मारुती ८०० किंवा एस्टीमसारख्या गाड्यांत मागे ड्रम असल्याने मूळ केबल तशीच ठेवून शेजारी दुसरी तरफ बसविता येते. दोन्ही तरफा तेच लायनर हलवितात व चाकाशी काहीही बदलावे लागत नाही.

तथापि केबल ठेवली म्हणून बदल कायदेशीर होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांना मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. ठाण्याची एमएच-०४ किंवा कल्याणची एमएच-०५ क्रमांकाची, घरच्या वापरातील गाडी या कामासाठी घेऊ नये, ट्रेलरवरून बंदिस्त मैदानात नेता येईल अशीच घ्यावी, हे विद्यार्थ्यास प्रारंभीच सांगणे इष्ट. ज्यास केवळ अधूनमधून मैदानावर सराव करावयाचा आहे, त्यास केबलच्या हातब्रेकची खिट्टी उलट करून घेणेही पुरते. त्यात बटण दाबल्याशिवाय तरफ अडकत नाही, आणि तेलाच्या नळीस हातही लावावा लागत नाही.

काम तपासण्याची एक रीत बिनखर्चाची आहे. गाडी सपाट जागी चारही बाजूंनी भक्कम स्टँडवर उचलावी. मागच्या एका चाकाचा हवा काढण्याचा स्क्रू उघडून, खाली भांडे ठेवून, एकाने पायाचा ब्रेक दाबून धरावा. पेडल खोल जाईल. पण दुसऱ्याने हाताने फिरवून पाहिल्यास चारपैकी दोन चाके घट्ट धरलेली आढळली पाहिजेत. मग तो स्क्रू बंद करून मागच्या दुसऱ्या चाकाशी हीच चाचणी घ्यावी. कोणत्याही वेळी चारही चाके मोकळी फिरली, तर नळ्या पुन्हा उघडून जोडणी वेगळी करावी लागेल. तोवर त्या गाडीचे इंजिन सुरू करू नये.