कडबाकुट्टी आणि यंत्रमल्ल

आर्ट्सच्या वर्गात बसणाऱ्या मुलीने मोटारी, बॅटऱ्या आणि पोलादी पाती यांवर लेख लिहावा, हे आमच्या प्राध्यापकांना कितपत रुचेल कोण जाणे! पण गेली दिवाळीची सुट्टी मी त्यातच घालवली, तेव्हा आगाऊपणाचा दोष पत्करून लिहिते.

पुण्यास नोकरीला असलेल्या दादाने आपला जुना संगणक आष्ट्याला आणला. त्यात ‘रोबो अरीना २’ नावाचा खेळ होता. हा खेळ २००३ साली निघाला, म्हणजे तसा म्हाताराच. पण त्याची गंमत लढण्यापेक्षा घडवण्यात अधिक आहे. सांगाड्याचा आकार आपण आखायचा, कवच कशाचे ते ठरवायचे, आत बॅटऱ्या आणि मोटारी बसवायच्या, चाके व हत्यार जोडायचे आणि मग आपला यंत्रमल्ल रिंगणात सोडायचा. कुस्तीप्रमाणे येथेही वजनगट आहेत. हलका गट २५० किलोपर्यंत, मधला ४०० आणि जड ८००. दादा म्हणाला, “मधल्या गटाची स्पर्धा जिंकून दाखव, संगणक तुझा. नाहीतर पाडव्याला विकून टाकतो.”

माझा पहिला मल्ल दिसायला भीमच होता. उंच पेटीसारखे धड, चहूबाजूंनी पोलादी कवच आणि वर एक हातोडा. पहिल्याच झुंजीत समोरच्याने खालून पाचर घातली आणि आमचे भीमराव उलट्या पडलेल्या भुंग्यासारखे चाके हवेत फिरवीत राहिले. तालमीतल्या भाषेत सांगायचे तर त्याने आमचा पट काढला होता.

चूक उंचीची होती. शिगोशीग भरलेली उसाची ट्रॉली वळणावर का कलंडते, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. वजन जितके वर, तितका गुरुत्वमध्य वर आणि तितके कलंडणे सोपे. मी धड इतके बसके केले की चाकांचा घेर त्याच्या उंचीहून मोठा झाला. मग मल्ल उताणा पडला तरी चाके जमिनीला टेकत आणि तो तसाच धावे. असा डाव खऱ्या पैलवानाला कुठून सुचावा!

दुसरी चूक लोभाची. सगळीकडे पोलाद चढवल्यावर ४०० किलोंपैकी हत्यारासाठी फारसे काही उरत नव्हते. मागची बाजू मी अ‍ॅल्युमिनियमची केली, हातोडा काढला आणि वाचलेले वजन समोर आडव्या फिरणाऱ्या पात्याला दिले. अमेरिकेतल्या ‘बॅटलबॉट्स’ स्पर्धेत २०१६ साली अजिंक्य ठरलेल्या ‘टूमस्टोन’ या यंत्राचे हत्यार असेच आडव्या पात्याचे होते.

हे पाते समजायला मला पुस्तक लागले नाही, गोठ्यातली कडबाकुट्टी पुरली. तिचे जड चाक मोटार सावकाश पळवत नेते. पण एकदा त्याने वेग धरला की उसाच्या वाड्याची पेंढी आत गेली तरी ते अडत नाही. मोटार जे थोडे थोडे देते ते चाक साठवून ठेवते आणि घाव बसताना एकदम खर्च करते. वेग दुप्पट केला तर ही साठवण चौपट होते. वजन तेवढेच ठेवून पात्याची लांबी दुप्पट केली आणि फेरे तेवढेच राखले, तरीही चौपट. मात्र लांब पात्याला वेग धरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात शत्रू अंगावर येऊन बसतो. शिवाय पाते एका दिशेला वेग घेऊ लागले की धड उलट दिशेला वळू पाहते. म्हणून मी चाकांमधले अंतर वाढवले.

इतके करूनही पाते शत्रूच्या अंगाला नुसते घासून जाई. मी वेग वाढवला, चार दात लावले; घासणे उलट वाढले. एका संध्याकाळी तात्या (माझे चुलते) मागे उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, “दात कमी कर की. कुट्टी बारीक पडाय लागल्या.”

मी चमकलेच. कुट्टीत कडबा किती लांब कापला जाईल हे तीन गोष्टींवर ठरते: तो आत किती वेगाने सरकतो, चाक किती फिरते आणि पाती किती आहेत. येथेही तेच. समजा मल्ल सेकंदाला ३ मीटर पुढे जातो आणि पाते मिनिटाला १८०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ३०. दात एक असेल तर दोन घावांमध्ये मल्ल १० सेंटिमीटर आत शिरतो. दोन असतील तर ५ आणि चार असतील तर जेमतेम अडीच. अडीच सेंटिमीटरात दाताला धरायला मिळणार काय? मी दोन दात काढले आणि चाकांना अधिक जोरकस मोटारी दिल्या. खेळाचे गणित कारखान्यातल्यासारखे काटेकोर नाही, हे मान्य. पण त्यानंतरचा पहिला घाव बसला तेव्हा समोरच्याचे एक चाक रिंगणाच्या कडेला जाऊन पडले.

मी ओरडले. तात्या मात्र हसले नाहीत.

तात्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे अर्धी आहेत. मी चौथीत असताना एकदा वीज गेली, अडकलेले वाडे ओढायला त्यांनी हात घातला, आणि चाक अजून फिरत होते. मोटार बंद म्हणजे चाक बंद नव्हे. ज्या साठवणीचे मी वर इतके कौतुक केले, तीच ही.

“बंद केल्यावर ह्ये किती वेळानं थांबतंय?” त्यांनी विचारले.

खेळात झुंज संपली की सारे जागच्या जागी गोठते, तेव्हा मला उत्तर देता येईना. मग दादाने सांगितले, मुंबईच्या आय. आय. टी.त ‘टेकफेस्ट’च्या वेळी ‘रोबोवॉर्स’ होतात, तशा खऱ्या यंत्रांच्या झुंजींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका नियमावलीत वीज तोडल्यापासून ६० सेकंदांत हत्यार पूर्ण थांबलेच पाहिजे अशी अट आहे. आणि रिंगणाबाहेर त्याला खीळ घालूनच हात लावायचा.

स्पर्धा मी जिंकले नाही. पात्याला सारे वजन देताना बॅटऱ्यांत हात आखडता घेतला होता. शेवटच्या झुंजीत पाते गिरणीच्या जात्यासारखे कण्हत फिरू लागले आणि मी गुणांवर हरले. दादाने मुदत पाडव्याची होळीवर नेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैरण कापून झाल्यावर तात्यांनी कुट्टीचे बटण बंद केले, हात पाठीमागे बांधले आणि मोठ्याने आकडे मोजू लागले. चाक थांबले तेव्हा ते एक्केचाळीसवर होते.