बोट अडले तर चूक बाईची नाही

मोबाईल आज घरोघरी पोहोचला आहे. गॅसचा नंबर लावणे, विजेचे बिल भरणे, मुलांच्या शाळेचे निरोप, सारे त्यावरच चालते. ही कामे करून देणाऱ्या मोबाईलमधल्या सोयीला अ‍ॅप म्हणतात, हे आता लहान मुलालाही ठाऊक आहे. पण हे अ‍ॅप कोणीतरी बसून तयार केलेले असते. तयार करताना त्याने कोणाला तरी डोळ्यांपुढे ठेवलेले असते आणि ती व्यक्ती बहुधा आपल्या घरातली नसते. एखादे बटण सापडले नाही की आपल्या आया-बहिणी पटकन म्हणतात, "मला अडाणीला काय कळतंय!" या एका वाक्याविषयी आम्हाला आज लिहायचे आहे.

आमच्या वस्तीतील एक मुलगी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. वडील कंत्राटी कामगार, आई चार घरची कामे करते. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिने कुंडीतील झाडांची निगा राखायला मदत करणारे अ‍ॅप करायचे ठरविले. झाडाचे नाव नोंदवायचे, पाणी घालायची वेळ झाली की घंटी वाजणार, पान पिवळे पडले तर कारण आणि उपाय सांगणार. कल्पना चांगली होती. कॉलेजातल्या मैत्रिणींनी वाहवा केली होती. पुढच्या महिन्यात प्रकल्प सादर करायचा होता आणि त्याच्या गुणांवर तिची पुढची नोकरी बरीचशी अवलंबून होती.

कच्चा टाका

शिंपी पक्की शिलाई मारण्याआधी कच्चा टाका घालून कपडा अंगावर चढवून पाहतो. बाही आखूड झाली, गळा मोठा झाला, तर टाका उसवून दुरुस्ती करता येते. पक्की शिलाई झाल्यावर कापड वाया जाते. अ‍ॅपचेही तसेच आहे. आधी कच्चा नमुना करतात. त्याला प्रोटोटाईप म्हणतात. काही वेळा तो नुसत्या कागदावर काढलेला असतो, काही वेळा मोबाईलवर अर्धवट चालणारा. तो वापरणाऱ्याच्या हाती देऊन कुठे अडते ते पाहायचे असते.

आम्ही मुलीला विचारले, "तुझा नमुना वस्तीत कोणी वापरून पाहिला का?" ती म्हणाली, "काका, वस्तीत कोणाला दाखवू? त्यांना समजणार नाही." तिचे हे उत्तर आम्हाला खटकले. ज्यांच्या गॅलरीत, खिडकीत, दारापुढे झाडे आहेत त्यांनाच समजणार नसेल, तर अ‍ॅप कोणासाठी?

रविवारी अभ्यासिकेत पाचजणांना बोलाविले. महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या एक मावशी, शिवणकाम करणारी एक बहीण, रिक्षा चालविणारे एक बंधू, एक आशा सेविका आणि दहावीतला एक मुलगा. पाचच का, असा प्रश्न वाचकांना पडेल. जेकब निल्सन हे या विषयातले डेन्मार्कचे जाणकार. त्यांनी २००० साली लिहिले की, पाच माणसांनी वापरून पाहिले तरी नमुन्यातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. एकदम पंधराजणांना बोलाविण्यापेक्षा पाचजणांना दाखवावे, दुरुस्ती करावी आणि पुन्हा नव्या पाचजणांना दाखवावे, असा त्यांचा सल्ला आहे. त्यामुळे गरीब विद्यार्थ्यालाही ही तपासणी परवडते.

वहीतल्या नोंदी

नियम दोनच ठेवले. पहिला, मुलीने मध्ये बोलायचे नाही. दुसरा, प्रत्येकाला सुरुवातीलाच सांगायचे की, "परीक्षा तुमची नाही, या नमुन्याची आहे. अडलात तर चूक नमुन्याची." कारकुनी हा आमचा पेशा असल्याने वहीत तीन रकाने आखले. काय करायला गेले, कुठे अडले आणि तोंडाने काय बोलले.

मावशींना पहिल्याच पानावर अडले. झाडांच्या यादीत मनी प्लांट होता, स्नेक प्लांट होता. त्यांच्या घरी कढीपत्ता, कोरफड, गवती चहा आणि मिरची. यादीत त्यांचे एकही झाड नव्हते. शिवणकाम करणाऱ्या बहिणीने 'अप्रत्यक्ष सूर्यप्रकाश' हे शब्द दोनदा वाचले आणि म्हणाली, "म्हणजे काय गं? ऊन पाहिजे का नको?" रिक्षावाल्या बंधूंनी विचारले, "घंटी सकाळी नऊला वाजणार. तेव्हा मोबाईल माझ्या खिशात आणि मी स्टँडवर. झाड घरी. पाणी कोण घालणार?" घरात मोबाईल एक, तोही कामावर जातो, ही गोष्ट नमुना करणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या घरातली होती. तरीही नमुन्यात ती आली नव्हती, कारण तिने ज्या तयार अ‍ॅपकडे पाहून नमुना केला होता, त्यात प्रत्येक माणसाकडे स्वतःचा मोबाईल होता.

तिघांनंतर मुलीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "काका, मी समजावून सांगितलं असतं तर त्यांना जमलं असतं." आम्ही म्हटले, "बाळ, अ‍ॅप लोकांच्या मोबाईलवर गेल्यावर तू प्रत्येक घरात समजवायला जाणार आहेस का?" ती काही बोलली नाही, पण वही स्वतःच्या हातात घेऊन लिहू लागली.

सर्वांत मोलाची नोंद मावशींकडून मिळाली. पिवळ्या पानाचा प्रश्न त्यांनी दाबला. नमुन्याने उत्तर दिले, 'पाणी वाढवा'. मावशी हसल्या. म्हणाल्या, "पान पिवळं पडलं तर आधी डब्याचं बूड बघायचं. भोक नसलं तर पाणी खाली साचतं, मुळं कुजतात. त्यात आणखी पाणी घातलं तर झाड मेलंच म्हणून समज."

मावशींचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती सडतात आणि मग पाणी असूनही झाड सुकल्यासारखे दिसते. पाणी कमी पडल्याने पान पिवळे पडते तसेच जास्त झाल्यानेही पडते. दुकानातल्या कुंडीला भोक असते. आपल्याकडे झाडे तेलाच्या डब्यात, रंगाच्या बादलीत असतात. त्यांना भोक आपण पाडले तरच असते. आशा सेविकेने त्यात भर घातली की, कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी बशी रिकामी करून घासायला अ‍ॅपनेच सांगावे.

पंधरा दिवसांत मुलीने नमुना बदलला. आता अ‍ॅप पहिला प्रश्न विचारते, 'डब्याला खाली भोक आहे का?' यादीत कढीपत्ता सर्वांत वर आला. 'अप्रत्यक्ष सूर्यप्रकाश' जाऊन 'उजेड हवा, कडक ऊन नको' असे आले. घंटीची वेळ ज्याने त्याने ठरवायची. घंटीबरोबर सूचना अशी, 'बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नको.' मग नव्या पाचजणांना दाखविले. त्यांनाही अडले, पण कमी अडले. अंधाऱ्या खिडकीतल्या झाडाचा फोटो साध्या मोबाईलवर नीट येत नाही, ही अडचण तशीच राहिली. ती तिने अहवालात लपविली नाही, स्पष्ट लिहिली.

शास्त्रज्ञांनाही हे चुकले नाही

हा केवळ विद्यार्थ्यांचा प्रश्न नाही. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सालाथे या संशोधकांनी १४ पिकांच्या पानांची ५४,३०६ छायाचित्रे संगणकाला दाखवून रोग ओळखायला शिकविले. त्याच संग्रहातल्या, पण संगणकाने न पाहिलेल्या छायाचित्रांवर तो ९९.३५ टक्के बरोबर ठरला. मात्र वेगळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रे दाखविताच हा आकडा ३१.४ टक्क्यांवर उतरला. शिकविताना दाखविलेली पाने एकेकटी, साध्या पृष्ठभागावर ठेवलेली होती. प्रत्यक्ष झाडावर पानामागे पान असते, सावली असते, धूळ असते.

पुढे ह्यूज यांच्याच प्रकल्पातून 'नुरू' नावाचे अ‍ॅप निघाले. नुरू म्हणजे स्वाहिली भाषेत प्रकाश. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न आहे. त्याचे रोग हे अ‍ॅप इंटरनेटशिवाय ओळखते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्याची अचूकता ६५ टक्के भरली. तज्ज्ञांपेक्षा ती कमी, पण शेती विस्तार सेवकांच्या ४० ते ५८ टक्क्यांपेक्षा आणि शेतकऱ्यांच्या १८ ते ३१ टक्क्यांपेक्षा जास्त होती. एका झाडाची सहा पाने तपासली तर शेतातली अचूकता ७४ ते ८८ टक्क्यांपर्यंत जाते, हेही त्यातच दिसून आले. शेतात उतरून तपासले म्हणून उणीवही कळली आणि उपायही सापडला.

आपल्या मुलांसाठी

आपली अनेक मुले-मुली आज संगणक शिकत आहेत. ती उद्या बँकेची, रेशनची, दवाखान्याची अ‍ॅप करतील. त्यांनी कच्चा नमुना आधी आपल्या आईच्या हाती द्यावा आणि स्वतः गप्प बसावे. "आवडले का?" असे विचारू नये, कारण आई मुलाचे मन मोडणार नाही. एक काम सांगावे आणि बोट कुठे थांबते ते पाहावे. जे अडले ते वहीत लिहावे, तिच्या शब्दांत.

आया-बहिणींनाही आमचे सांगणे आहे. बोट अडले तर "मला कळत नाही" म्हणून मोबाईल खाली ठेवू नका. "हे इथे मला सापडले नाही," असे सांगा. तुम्ही सांगितले नाही तर करणाऱ्याला ते कधीच कळणार नाही आणि पुढचे अ‍ॅपही तुम्हाला सोडूनच होईल.

त्या मुलीचा प्रकल्प कॉलेजात सादर झाला. अहवालात प्राध्यापकांच्या आभाराखाली तिने वस्तीतल्या दहाही जणांची नावे लिहिली आणि डब्याच्या भोकाची सूचना कोणाची, तेही लिहिले. मावशींनी ते पान नातवाकडून दोनदा वाचून घेतले.