चेनसॉचं इंजिन सीझ का होतं? नवा पिस्टन टाकण्याआधी काय तपासाल आणि टू-टी ऑइल कोणतं घ्याल?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धनकडच्या आमच्या वाडीत माड आणि सुपारी एकावर एक आडव्या झाल्या होत्या. त्यानंतर काकांनी पेट्रोलवरचा चेनसॉ घेतला. गेल्या मे महिन्यात पावसाआधी फांद्या तोडताना तो एकदम बंद पडला. स्टार्टरची दोरी ओढली तर जागची हलेना. मेकॅनिकने सांगितलं, "इंजिन सीझ झालंय, पिस्टन-सिलिंडर बदलावं लागेल." किट बदललं. आठ दिवसांत मशीन पुन्हा सीझ!

पहिल्यांदा सगळा दोष ऑइलला दिला गेला होता, कारण काकांनी बाइकमधलं उरलेलं इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलं होतं. ते चुकीचं होतंच. पण कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या रबराला बारीक चीर गेली होती आणि ती कोणी पाहिलीच नाही. चेनसॉ, ग्रास कटर, पेट्रोलवरचा फवारणी पंप या टू-स्ट्रोक मशीनमध्ये ही गोष्ट नेहमी घडते. पिस्टन बदलला जातो, पण तो का धरला हे शोधलं जात नाही.

ऑइल पेट्रोलमध्येच का टाकतात?

बाइकच्या फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये ऑइल खाली साठलेलं असतं आणि तेच पुन्हा पुन्हा फिरतं. चेनसॉच्या इंजिनमध्ये तशी सोयच नसते. पेट्रोल, हवा आणि ऑइल यांचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथे बेअरिंग आणि पिस्टनला ऑइलचा हात लावून मग वर जाऊन जळतं. म्हणजे इंजिनला जे काही वंगण मिळतं, ते पेट्रोलबरोबरच मिळतं. पेट्रोल कमी आलं तर ऑइलही कमी आलं.

चेनसॉ पूर्ण वेगात मिनिटाला १२ ते १४ हजार फेरे घेतो. १३ हजार धरले तर पिस्टन सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा वर-खाली होतो. अशा वेळी वंगण तुटलं की ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला घासतो. त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीवर फासलं जातं आणि इंजिन धरतं. (इंजिनिअरिंगला टू-स्ट्रोकची आकृती परीक्षेत तीनदा काढली होती. फासलेलं ॲल्युमिनियम पहिल्यांदा पाहिलं ते काकांच्या ओटीवर.)

खरंच सीझ झालंय का?

आधी एवढी खात्री करा. इंजिन थंड होऊ द्या आणि स्पार्क प्लग काढा. प्लग काढल्यावर दोरी सहज ओढली गेली आणि भोकातून पेट्रोल उडालं, तर सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलं होतं, इंजिन ठीक आहे. तरीही दोरी हलत नसेल तर स्टार्टरचं कव्हर काढून फ्लायव्हील, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत मॅग्नेट, हाताने फिरवून पाहा. ते फिरलं तर बिघाड स्टार्टरमध्ये आहे.

मॅग्नेटही हलत नसेल तर सायलेन्सर काढा. बहुतेक मशीनवर तो दोन-तीन बोल्टवर बसलेला असतो. मागच्या भोकातून मोबाइलच्या टॉर्चने पिस्टनची बाजू थेट दिसते. पिस्टन गुळगुळीत असेल तर अडचण दुसरीकडे आहे, बहुधा बेअरिंगमध्ये. उभे ओरखडे दिसले तर निदान झालं. मशीन वॉरंटीत असेल तर मात्र काही न उघडता सर्व्हिस सेंटरला न्या.

ओरखडे काय सांगतात?

पिस्टन बाहेर काढल्यावर तो फेकू नका, नीट पाहा. चारही बाजूंनी ओरखडे आणि पिस्टन कोरडा ठणठणीत असेल, तर बहुधा ऑइल न टाकता साधं पेट्रोल भरलं गेलंय. घाईत चुकीचा कॅन उचलला की हे होतं.

फक्त सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे असतील तर इंजिन जास्त तापलंय. त्याची कारणं अनेक: कार्बोरेटरचा स्क्रू आवळून पेट्रोल कमी केलेलं, टाकीतला फिल्टर तुंबलेला, सिलिंडरच्या पात्यांमध्ये भुसा अडकलेला किंवा कुठून तरी जादा हवा शिरत असलेली. ही हवा इनटेकच्या रबरातून किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून येते. हवा वाढली की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि ऑइलही कमी पोहोचतं. काकांच्या मशीनचं हेच झालं होतं. कार्बोरेटरच्या बाजूला मळकट, राखाडी झीज दिसली तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे.

नवं किट बसवण्याआधी मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: "लीक टेस्ट केली का?" सायलेन्सर आणि कार्बोरेटरची तोंडं बंद करून आत हवेचा दाब देतात आणि तो टिकतो का ते पाहतात. मग उलट, हवा ओढूनही तपासतात. वेळ फार लागत नाही, पण दुसऱ्या किटचा खर्च वाचतो.

सिलिंडर वाचू शकतो?

अनेकदा वाचतो. चांगल्या चेनसॉच्या सिलिंडरला आतून क्रोम किंवा निकेलचं कडक प्लेटिंग असतं. त्यावर मऊ ॲल्युमिनियम फासलेलं असतं, प्लेटिंगला इजा झालेलीच असते असं नाही. अनुभवी मेकॅनिक हायड्रोक्लोरिक ॲसिड कापसाच्या काडीने फक्त फासलेल्या ॲल्युमिनियमवर लावतात, ते विरघळलं की धुऊन काढतात. हे काम हातमोजे आणि गॉगल घालून, उघड्यावरच होतं. प्लेटिंग उडालेल्या जागी ॲसिड लागलं तर ते खालचा सिलिंडरच खाऊ लागतं, म्हणून घरी हा प्रयोग नको. साफ केल्यावर नख फिरवून पाहतात. नख अडकलं किंवा प्लेटिंग सोललेलं दिसलं तर सिलिंडर बदलायचा. असा सिलिंडर बोअर करून घेऊ नका, प्लेटिंगच निघून जाईल. पिस्टन, रिंग आणि पिनचे सर्क्लिप मात्र नवेच हवेत. पिस्टनवर बाण असेल तर त्याचं टोक सायलेन्सरकडे येतं.

टू-टी ऑइल कोणतं?

चेतक आणि लुनाच्या काळात पंपावर पेट्रोलसोबत टू-टी ऑइल मागायची सवय होती. 'टू-टी' एवढंच पाहायचं, ही सवय तिथूनच आली असावी. पण स्कूटरचं इंजिन चेनसॉच्या निम्म्यानेही फिरत नव्हतं.

बाटलीच्या मागे 'जासो' हे जपानी मानक शोधा. त्यात एफए, एफबी, एफसी, एफडी अशा पायऱ्या आहेत. एफसीपासून पुढे धूर कमी होतो आणि सायलेन्सर कमी तुंबतो. एफडी पिस्टन सर्वांत स्वच्छ ठेवतं. चेनसॉसाठी एफडी घ्या, नाही मिळालं तर एफसी. एफडीच्या जवळचा आयएसओ दर्जा 'ईजीडी' आहे.

किनारपट्टीवर आणखी एक ऑइल सहज मिळतं, 'टीसी-डब्ल्यू३'. ते होडीच्या आउटबोर्ड इंजिनसाठी, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनसाठी बनवलेलं असतं. चेनसॉ हवेने थंड होतो आणि खूप जास्त तापतो. त्यात हे वापरू नका. बाइकचं २०डब्ल्यू-४० तर नाहीच. ते जळण्यासाठी बनवलेलं नसतं, त्याची राख पिस्टन आणि प्लगवर बसते.

प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असतं. ५०:१ म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. काही कंपन्या स्वतःच्या ऑइलला ५०:१ आणि इतर ऑइलला २५:१ सांगतात, म्हणून ऑइलचा ब्रँड बदलताना पुस्तिका पुन्हा उघडा. बाटलीच्या झाकणाने अंदाजे मोजू नका. औषधाच्या दुकानातली सिरिंज उत्तम चालते. 'थोडं जास्त टाकलेलं बरं' हेही खरं नाही: कार्बन साचतो आणि प्लग काळा होतो.

इथेनॉलचं काय?

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. अनेक चेनसॉच्या पुस्तिकांत मर्यादा १० टक्क्यांची आहे, त्यामुळे आपल्या मशीनला किती चालतं हे विक्रेत्याला विचारून घ्या. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. कोकणच्या पावसाळ्यात अर्धवट भरलेला कॅन महिनोन् महिने राहिला तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला फिल्टर मात्र तळाशी असतो, तो आधी खालचा बिनऑइलचा थर ओढतो. शंका आली तर थोडं मिश्रण काचेच्या बाटलीत ओता. तळाशी वेगळा थर दिसला तर ते टाकीत भरू नका.

महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा. मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या. काकांनी आता मिश्रणाच्या कॅनला लाल रंग दिलाय, त्यावर तारीख खडूने लिहितात. इनटेकचं रबर बदलल्यावर तिसरा पिस्टन बसला, तो अजून चालतोय.