आधी पाठ, मग पिशवी

परीक्षा संपतात, सुट्टी लागते आणि घरातील मुलगा किंवा मुलगी एके दिवशी जाहीर करते, "यंदा आम्ही हिमालयात पायी जाणार!" मग याद्या होऊ लागतात. चांगल्या बुटांसाठी चार दुकाने पालथी घातली जातात. लोकरीचे कपडे, कानटोपी, विजेरी, औषधे यांची तजवीज होते. मागे राहते ती हे सारे वाहून नेणारी पिशवी. ती आयत्या वेळी शेजाऱ्यांकडून मागून आणली जाते, नाहीतर रंग आणि खिशांची संख्या पाहून घाईने विकत घेतली जाते.

वाचकहो, गिर्यारोहक मंडळी जिला सुटसुटीतपणे 'सॅक' म्हणतात, ती ही पिशवी दिवसाचे सहा-सात तास आपल्या अंगावर असते. ती बेताची नसली, तर दुसऱ्या दिवशी खांदे भरून येतात. माणूस पुढे वाकून चालू लागतो आणि दमलेला पाय उतारावर नेमका चुकीच्या दगडावर पडतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. तेथे वाटेत लोखंडी शिड्या चढाव्या लागतात. अशा शिडीवर पाठीवरचा भार एका अंगास कलला, तर तो चढणाऱ्याला मागे ओढतो. तेव्हा पिशवीची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. तो सुरक्षिततेचाही आहे.

खांदा हे ओझे वाहण्याचे मुख्य स्थान नव्हेच. दार्जिलिंगच्या पहाडातील भारवाहक पाठीवरच्या टोपलीचा पट्टा कपाळावर घेतात. त्यास नेपाळीत 'नाम्लो' म्हणतात. लहानपणापासूनच्या सवयीने त्यांची मान तो भार पेलते. आपल्या मानेला ती सवय नाही. आपल्यासाठी उपाय निघाला तो कंबरेचा. १९५२ च्या सुमारास अमेरिकेत डिक केल्टी यांनी अ‍ॅल्युमिनियमचा हलका सांगाडा आणि कंबरपट्टा असलेल्या पिशव्या बनवून विकावयास आरंभ केला. कंबरपट्टा नितंबाच्या हाडांवर घट्ट बसला, म्हणजे भाराचा मोठा हिस्सा तेथून पायांकडे उतरतो. खांद्यांवरच्या पट्ट्यांनी पिशवी पाठीशी धरून ठेवावी, एवढेच काम उरते.

मात्र पट्टा योग्य जागी बसण्यासाठी पिशवीची लांबी पाठीच्या लांबीशी जुळावी लागते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी पाठ मोजावी. शिंप्याची टेप आणि घरातील एखादे माणूस एवढे पुरे. मान पुढे झुकविली असता मानेच्या पायथ्याशी एक हाड ठळकपणे हाताला लागते. दोन्ही हात कंबरेच्या हाडांवर, अंगठे मागे करून ठेवावेत. मानेच्या हाडापासून त्या दोन अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत कण्यालगतचे अंतर ते आपल्या पाठीचे माप. प्रौढ माणसात ते बहुधा ४० ते ५० सेंटिमीटर भरते. उंचीवरून हे माप ठरत नाही. एकाच उंचीच्या बहीणभावांपैकी एकाचे पाय लांब, तर दुसऱ्याची पाठ लांब असू शकते. वडिलांची पिशवी मुलीच्या पाठीवर चढविली की कंबरपट्टा मांड्यांवर येतो आणि सारा भार पुन्हा खांद्यांवर जातो, तो यामुळेच. वाढत्या वयाच्या मुलांसाठी पाठीचे माप कमीजास्त करता येईल अशी पिशवी घ्यावी.

दुकानात रिकामी पिशवी पाठीवर घेऊन आरशात पाहण्याने काहीच कळत नाही. तीत आठ-दहा किलो वजन भरावयास सांगावे. सर्व पट्टे सैल करून ती पाठीवर घ्यावी, प्रथम कंबरपट्टा आवळावा, नंतर खांद्यांचे पट्टे आणि शेवटी छातीवरचा. मग दहा मिनिटे फिरावे, वाकावे, हात वर करावेत. खांद्याच्या पट्ट्याखाली पोकळी राहत असेल किंवा बगलेत पट्टा काचत असेल, तर ती पिशवी आपली नव्हे.

आता आकाराविषयी. एका दिवसाच्या सहलीस २० ते ३० लिटरची पिशवी पुरते, एखाद्या मुक्कामास ३५ ते ५०, आणि अनेक दिवसांच्या हिमालयीन पदयात्रेस ५० ते ६५. मोठी पिशवी घेतली की ती भरण्याचा मोह होतो, म्हणून दोहोंत शंका असेल तर लहान घ्यावी. दिवसभराच्या सहलीत शरीराच्या वजनाचा दहावा भाग आणि लांबच्या पदयात्रेत पाचवा भाग, यापुढे ओझे जाऊ देऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. साठ किलोच्या माणसाने लांबच्या वाटेवर १२ किलोवर थांबावे. केंद्र शासनाच्या २०२० च्या धोरणात शालेय दप्तरासाठी मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाची मर्यादा सांगितली आहे. डोंगरातही मुलांसाठी तीच पाळावी.

दणकटपणा कापडात असतो, तितकाच शिलाईत. नायलॉनच्या धाग्याची जाडी 'डेनिअर'मध्ये सांगतात; ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनिअर. चारशेच्या आसपासचे कापड खडकाळ वाटांना पुरेसे होते. तळाचे मात्र त्याहून जाड असावे. खांद्याचा पट्टा पिशवीला जोडलेला असतो तेथे दुहेरी-तिहेरी शिलाई आहे ना, हे उलटून पाहावे, कारण पिशवी बहुधा तेथेच उसवते. चेन दहा वेळा उघडझाप करून पाहावी. बक्कल तुटल्यास ते न शिवता बदलता येईल असे असावे.

सह्याद्रीतील पावसात 'जलरोधक' या शब्दावर विसंबू नये. कापडावर लेप असला, तरी सुईच्या छिद्रांतून पाणी शिरते, आणि वरून घातलेले आच्छादन पाठीच्या बाजूस उघडेच राहते. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तीत कपडे ठेवावेत. हा उपाय स्वस्त आहे आणि खात्रीचाही.

सायकलवरून डोंगरवाटा धुंडाळणाऱ्यांची गरज थोडी निराळी. त्यांना १० ते २० लिटरची, पाठीला चिकटून बसणारी बुटकी पिशवी हवी. ती उंच असेल, तर उतारावर मान वर करताच शिरस्त्राण तिला अडते आणि पुढची वाट दिसत नाही. छातीचा आणि कंबरेचा असे दोन्ही पट्टे हवेतच. खडकावरून सायकल उसळली असता सैल पिशवी डोक्याकडे झेपावते. पायी चालणाऱ्याने जड वस्तू पाठीलगत, खांद्यांच्या पात्यांमध्ये ठेवाव्यात. सायकलस्वाराने त्या खाली ठेवाव्यात, म्हणजे तोल जात नाही. पंप आणि पाने कण्याला लागून ठेवू नयेत. पडल्यास तेच पाठीत रुततात. मनाली ते लेहसारख्या लांबच्या सफरीत मात्र सामान पाठीवर न घेता सायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या पिशव्यांत न्यावे.

पहिल्याच सहलीसाठी मोठा खर्च करावयास हवा असेही नाही. पाठीचे माप ठाऊक असले, की उसनी किंवा भाड्याची पिशवीही पारखून घेता येते. ती आणल्यावर तांदळाच्या आणि डाळीच्या पुड्या भरून आठवडाभर रोज अर्धा तास जिने चढावेत, एखाद्या रविवारी जवळची टेकडी चढावी. पश्चिम बंगालमध्ये ३६३६ मीटर उंचीवर असलेल्या संदकफूच्या वाटेवर पट्टा काचू लागला, तर बदलून देणारा दुकानदार तेथे भेटणार नाही. तो काच घरच्या जिन्यावरच कळलेला बरा. आणि मग एखाद्या पहाटे तुमची मुलगी त्या माथ्यावर पोहोचेल, तेव्हा तिला खाली पाहत चालावे लागणार नाही. ताठ मानेने ती समोरचे कांचनगंगा डोळे भरून पाहू शकेल.