सुट्टीत सतार, व्हायोलिनचं शिबिर : नाव घालण्याआधी हे विचारा, वाद्य घ्यायची घाई नको

मिरज : परीक्षा संपल्या की शिबिरांचे बोर्ड लागतात. चित्रकला, कराटेबरोबर कुठे कुठे सतार, व्हायोलिन, गिटार या तारवाद्यांचेही वर्ग भरतात. पालकांचा पहिला प्रश्न असतो, पंधरा दिवसांत पोरगं वाजवायला लागेल का? खरं उत्तर असं, की गाणं वाजणार नाही, पण हात बसेल.

शिबिरात काय शिकवतात?

बसायचं कसं, वाद्य धरायचं कसं, सूर लावायचा कसा, एवढं नीट झालं तरी पुष्कळ. सतारीला उजव्या हाताच्या तर्जनीत तारेची नखी घालतात, तिला मिजराब म्हणतात. डाव्या हाताची बोटं तारेवर दाबून पहिले काही दिवस दुखतात. मुलं इथेच कंटाळतात. घाबरू नका, सरावाने बोटं घट्ट होतात.

कोणतं वाद्य?

व्हायोलिन पाव, अर्ध्या, पाऊण मापातही मिळतं, त्यामुळे लहान मुलांना बरं पडतं. पूर्ण मापाची सतार लहान हातांना अवघड जाते. मोठ्या माणसांनीही लाजू नये. भजनी मंडळात गाणाऱ्यांनी तंबोरा शिकला तर सूर पक्का होतो. त्याला चारच तारा असतात, पण त्या जुळवायला कान तयार व्हावा लागतो.

मिरज जवळ आहे, त्याचा फायदा घ्या

मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतार-तंबोरे बनतात. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. त्यासाठी लागणारा कडू भोपळा पंढरपूर, मंगळवेढा भागातले शेतकरी पिकवतात. म्हणजे आपल्याकडे वाद्य बिघडलं तर दुरुस्ती हाकेच्या अंतरावर आहे.

विकत कधी घ्यायचं?

पहिल्याच दिवशी नको. शिबिराचं किंवा भाड्याचं वाद्य वापरा. दोन-तीन महिने मूल स्वतःहून सरावाला बसलं, तर मग बघा. घेताना वाजवणारा माणूस सोबत न्या. दांडी सरळ आहे का, खुंट्या घसरतात का, भोपळ्याला चीर आहे का, हे त्याला लगेच कळतं.

घरी आणल्यावर उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका. वाजवून झालं की घाम लागलेल्या तारा कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर गंज चढतो. भोपळा ठेच लागली की फुटतो, म्हणून एसटीत वाद्य सामानाच्या ढिगात टाकू नका.

नाव घालण्याआधी हे विचारा

• एका शिक्षकाकडे किती मुलं?
• प्रत्येकाच्या हातात वाद्य मिळणार, की पाळीपाळीने?
• फीमध्ये वाद्याचं भाडं आहे का?
• जूननंतर आठवड्यातून एकदा तरी वर्ग चालू राहणार का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शाळा आणि पेरण्या सुरू झाल्या की सराव मागे पडतो आणि शिबिरात बसलेला हात महिन्याभरात सुटतो. जवळ शिक्षक नसेल तर मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप लावून रोज वीस मिनिटं तरी वाजवायला लावा. गावातल्या दोन-चार मुलांनी मिळून एक शिक्षक आठवड्याला बोलावला, तर खर्चही वाटला जातो.